पिसांचा पुरावा



मे 2006 मध्ये अरुणाचल प्रदेशाच्या पश्चिम कामेंग जिल्ह्यात, ईगलनेस्ट अभयारण्यातल्या एका झुडपी उतारावर, शास्त्राला तोवर ठाऊक नसलेला एक पक्षी जाळ्यात सापडला. त्याची मापे घेतली, छायाचित्रे काढली, काही पिसे ठेवून घेतली आणि मग त्याला सोडून देण्यात आले. पक्षिशास्त्राच्या रूढ रीतीप्रमाणे त्या क्षणी वेगळेच काही घडायला हवे होते. पक्षी मारायचा, कातडे सोलायचे, आत कापूस भरायचा, पायाला चिठ्ठी बांधायची, ते संग्रहालयाच्या खणात ठेवायचे आणि नव्या जातीचा नमुना तो हा, असे जगाला सांगायचे, ही पिढ्यानुपिढ्यांची वहिवाट. ती मोडणारे रमणा आत्रेय हे पेशाने खगोलशास्त्रज्ञ, पुण्यात काम करणारे. हा पक्षी फारच दुर्मिळ दिसतो आहे, त्यातला एकही मारणे बरोबर नाही, आणि आजच्या साधनांनी न मारताही नवी जात सिद्ध करता येते, अशी त्यांची भूमिका होती. या भूमिकेचे कौतुक पुष्कळ झाले आणि तिच्यावर टीकाही झाली. आज मला ती पुराव्याच्या कसाला लावून पाहायची आहे. माझे म्हणणे असे, की शास्त्राला लागतो तो पुन्हा पुन्हा तपासता येईल असा दाखला. तो मिळवायला जीव घ्यावाच लागतो असे नाही. आणि जिथे एखादी जात मूठभर उरल्याची रास्त शंका आहे, तिथे जीव घेण्याने शास्त्र स्वतःच्याच हाताने आपला विषय कमी करते.

आधी पक्ष्याची ओळख करून घेऊ. त्याचे इंग्रजी नाव बुगुन लिओसिक्ला, शास्त्रीय नाव लिओसिक्ला बुगुनोरम. आकाराने साळुंकीपेक्षा किंचित लहान. अंगाचा मूळ रंग शेवाळी छटेचा राखाडी, म्हणजे झुडपात बसला तर दिसूही नये असा. पण त्या साध्या अंगावर निसर्गाने मोजक्या जागा निवडून रंग भरले आहेत. डोक्यावर काळी टोपी, डोळ्यापुढे नारिंगीकडे झुकणारा झगझगीत पिवळा ठसा, पंख मिटलेला असला तरी कडेला दिसणारे पिवळे, किरमिजी आणि पांढरे तुकडे, आणि काळ्या शेपटीच्या टोकाला पुन्हा लाल. हा पक्षी लाफिंगथ्रशांच्या कुळातला. आपल्या अंगणात पाचोळा उसकटत, कलकलाट करत टोळीने हिंडणारे सातभाई आज याच कुळात गणले जातात, हे सांगितले की ऐकणाऱ्याला सहसा खरे वाटत नाही. मातकट सातभाई आणि हा ठिपक्याठिपक्यांनी सजलेला पहाडी गायक एका घरचे आहेत. लिओसिक्ला या प्रजातीत जाती पाच. एक तैवानात, एक चीनच्या सिच्वान भागात एमेई पर्वताच्या परिसरात, लालतोंड्या दोन पूर्व हिमालयापासून पुढे आग्नेय आशियाच्या डोंगरांत, आणि पाचवा हा. रूपाने त्याचा सर्वांत जवळचा नातलग एमेईचा, म्हणजे हजार किलोमीटरहून अधिक दूर राहणारा. दोघांच्या मधल्या डोंगरांत या ठेवणीचे दुसरे कुणी नाही.

डोंगरी रानातल्या पक्ष्यांचे हे असे का होते, ते नीट समजून घेणे पुढच्या युक्तिवादासाठी गरजेचे आहे. ईगलनेस्ट अभयारण्याचे क्षेत्रफळ सव्वादोनशे चौरस किलोमीटरही नाही, पण त्याची उंची 500 मीटरपासून 3250 मीटरपर्यंत चढत जाते. खाली दमट उष्ण रान, वर थंडीचे, ढगात बुडालेले ओक आणि ऱ्होडोडेंड्रॉनचे. एवढ्या जागेत पक्ष्यांच्या साडेचारशेच्या घरात जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्याचे कारण हेच, की चढाच्या प्रत्येक टप्प्यावर हवा बदलते, झाडे बदलतात, किडे बदलतात, आणि प्रत्येक टप्प्याचे रहिवासी वेगळे असतात. सपाटीवरचा पक्षी शेकडो किलोमीटर पसरू शकतो. डोंगरातल्या पक्ष्याचा मुलूख मात्र उभ्या कड्यावर गुंडाळलेल्या पट्ट्यासारखा असतो, लांबीला असेल तेवढा आणि रुंदीला जेमतेम. बुगुन लिओसिक्लाच्या पहिल्या नोंदी 2060 ते 2340 मीटर या उंचीतल्या, म्हणजे 280 मीटरच्या पट्टीतल्या आहेत. सिंहगडाच्या निम्म्या चढाएवढीही ही उंची भरत नाही. शिवाय हा पक्षी घनदाट, अस्पर्श रानाचा नाही. दरडी कोसळून वा झाडतोड होऊन जिथे झुडपे आणि लहान झाडे माजली आहेत, अशा उतारांवर तो दिसला. दुर्मिळ पक्षी म्हटला की तो आदिम अरण्याच्या गाभ्यातच असणार, ही आपली कल्पना या पक्ष्याने खोटी पाडली आहे. त्यामुळे त्याची राखण करणेही अवघड होते, कारण लोक ज्याला पडीक रान समजतात तेच त्याचे घर आहे.

आत्रेयांना तो पहिल्यांदा दिसला 1995 च्या जानेवारीत, आणि कोणत्याही पुस्तकातल्या चित्राशी तो जुळेना. पुन्हा दिसायला दहा वर्षे गेली. 2005 आणि 2006 मध्ये मिळून एकंदर 14 पक्षी दृष्टीस पडले आणि विणीच्या जोड्या तीन. जातीचे वर्णन 2006 मध्ये ‘इंडियन बर्ड्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आता हिशेब पाहा. 14 तला एक मारणे म्हणजे ज्ञात पक्ष्यांतले सात टक्के एका सकाळी संपवणे. तो विणीच्या जोडीतला निघाला तर ज्ञात जोड्यांतली एक-तृतीयांश मोडली. यावर हरकत अशी, की दिसलेले पक्षी म्हणजे असलेले पक्षी नव्हेत. ईगलनेस्टसारख्या मुलखात न दिसलेले कितीतरी असणार, आणि निरोगी जातीला एका पक्ष्याच्या जाण्याने काहीही होत नाही. हरकतीचा पहिला भाग मला मान्य आहे. पण निर्णय घेणाऱ्यापुढे त्या वेळी जे ठाऊक असते त्यावरच तो घ्यावा लागतो. जात निरोगी आहे की नाही, हेच तर तेव्हा ठाऊक नव्हते. पक्षी न मारण्याची चूक झाली असती तर ती दहा वर्षांनी सुधारता आली असती. मारण्याची चूक झाली असती तर ती कधीच सुधारता आली नसती. 1 डिसेंबर 1900 या दिवशी मेक्सिकोच्या किनाऱ्यापलीकडच्या ग्वादलूप बेटावर रोलो बेक या संग्राहकाला 11 काराकारा पक्षी दिसले आणि त्यातले नऊ त्याने टिपले. बेटावर ते भरपूर असतील असेच त्याला वाटले होते. त्यानंतर तो पक्षी उरला नाही. बेक दुष्ट नव्हता, तो त्याच्या काळाच्या रीतीने शास्त्राचीच सेवा करत होता. म्हणूनच त्याचे उदाहरण मला महत्त्वाचे वाटते. बुगुन लिओसिक्ला आज जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. म्हणजे 2006 ची भीती निराधार नव्हती.

दुसरी हरकत नियमांची. प्राण्यांच्या नावांचे एक आंतरराष्ट्रीय संहिताबद्ध शास्त्र आहे आणि त्यात प्रत्येक नव्या नावाला एक आधारनमुना, होलोटाइप, लागतो. शरीरच नाही तर आधार कशाचा, असे विचारले गेले. पण संहितेत आधारनमुन्याची व्याख्या प्राणी किंवा प्राण्याचा अवयव अशी आहे, आणि चित्रावर किंवा छायाचित्रावर वर्णन बेतले असेल तर चित्रातला प्राणीच आधारनमुना मानायचा, तो आज हाती आहे की नाही हा प्रश्न वेगळा, असेही तिथे म्हटले आहे. पिसे म्हणजे प्राण्याचा भाग. तेव्हा ज्याला नियमभंग म्हटले गेले तो नियमभंग नव्हता. मोडली गेली ती सवय. अर्थात सवयीमागे शहाणपण असते. 2015 मध्ये दक्षिण आफ्रिकेतली एक माशी निव्वळ छायाचित्रांवरून नवी जात म्हणून जाहीर झाली तेव्हा जगभरच्या वर्गीकरणशास्त्रज्ञांत मोठे वादळ उठले आणि शेकडो जणांनी सह्या करून विरोध नोंदवला. त्यांची भीती अशी, की ही वाट मोकळी झाली तर कुणीही उठेल आणि फोटोवरून जाती जाहीर करील. भीती अगदीच पोकळ नाही. 2017 मध्ये नामकरण आयोगाने संहितेला शिफारशी जोडल्या. जतन केलेल्या नमुन्याशिवाय वर्णन करणाऱ्याने त्याची कारणे द्यावीत आणि जमेल तेवढा सविस्तर पुरावा गोळा करावा, असा त्यांचा रोख आहे. मला हा तोडगा योग्य वाटतो. दार बंद केलेले नाही, पण आत येणाऱ्याने का आलो ते सांगायचे आहे. माझी तक्रार एवढीच, की मारणाऱ्यालाही हाच प्रश्न त्याच कठोरपणे विचारला जावा.

आता सर्वांत अवघड हरकतीकडे येतो, आणि तिला बगल देणे मला अप्रामाणिकपणाचे वाटेल. 1988 मध्ये सोमालियातल्या बुलो बुर्ती या गावी, रुग्णालयाच्या आवारात, एक अनोळखी खाटीकवर्गीय पक्षी दिसला. तो पकडला, काही काळ सांभाळला, रक्त आणि पिसे घेतली आणि 1990 मध्ये सोडून दिला. 1991 मध्ये त्याचे वर्णन नवी जात म्हणून प्रसिद्ध झाले आणि नाव दिले लिबराटस, म्हणजे मुक्त केलेला. नमुना न मारता जात जाहीर करण्याचे ते गाजलेले उदाहरण ठरले. आणि 2008 मध्ये जनुकीय तपासणीतून निष्पन्न झाले की ती वेगळी जात नव्हतीच, आधीच ठाऊक असलेल्या एका जातीचे ते निराळ्या रंगाचे रूप होते. टीकाकार म्हणतात, पाहा, मेलेला नमुना नसला की असे होते. पण या प्रकरणात चूक कुठे होती ते बारकाईने पाहिले पाहिजे. पक्षी एकच होता. तो मारून त्याचे कातडे संग्रहालयात ठेवले असते तरी तो एकच राहिला असता, आणि एका पक्ष्यावरून रंगभेद आणि जातिभेद यांतला फरक कातड्यालाही सांगता आला नसता. चूक पकडली ती त्याच जिवंत पक्ष्याच्या राखून ठेवलेल्या रक्तापिसांनी. म्हणजे लिबराटसच्या गोष्टीत पुरावा अपुरा होता खरा, पण तो नष्ट झालेला नव्हता, म्हणून शास्त्र सुधारू शकले.

याच्या उलट बाजूचे उदाहरण शेजारी ठेवतो. 1929 मध्ये चीनच्या शिंच्यांग प्रांतात एक रातवा मारला गेला. त्याच्या एकुलत्या एका कातड्यावरून 1960 मध्ये चार्ल्स व्हॉरी यांनी नवी जात वर्णिली. शोधणाऱ्यांनी त्या वाळवंटाच्या कडा अनेकदा पालथ्या घातल्या, दुसरा पक्षी काही मिळाला नाही. 2020 मध्ये त्या कातड्याची जनुकीय तपासणी झाली तेव्हा ते युरोपीय रातव्याचेच निघाले. कातडे हाताशी असूनही चूक झाली, साठ वर्षे टिकली, आणि सुधारली गेली तीही जनुकांनीच. तेव्हा एक निष्कर्ष मला टाळता येत नाही. चूक होते ती पुरावा थोडा असला की. तो मेलेला आहे की जिवंत, याने तिथे फरक पडत नाही. बुगुन लिओसिक्लाच्या बाबतीत पक्षी चौदा होते, दोन वेगळ्या वर्षांत पाहिलेले, आवाजाचे ध्वनिमुद्रण होते, मापे होती, पिसे होती. त्यानंतरच्या वर्षांत पक्षीनिरीक्षकांनी त्याच उतारांवर त्याची छायाचित्रे पुन्हा पुन्हा काढली आहेत आणि तेच रंग, तीच ठेवण दिसली आहे. लिबराटसचा फटका त्याला बसेल असे मानायला जागा उरलेली नाही.

इथे मला संग्रहालयांची बाजू मोकळेपणाने मांडली पाहिजे, कारण ती बाजू आपल्या महाराष्ट्रात सिद्ध झालेली आहे. रानपिंगळ्याची खरी म्हणता येईल अशी शेवटची नोंद 1884 ची, खानदेशातली, जेम्स डेव्हिडसन यांच्या संग्रहातली. त्यानंतरची एक नोंद रिचर्ड माइनर्टझ्हागेन यांच्या नावावर होती, 1914 सालची, गुजरातेत मांडवीची. ती खोटी होती. त्यांनी संग्रहालयातले जुने कातडे चोरून, नव्याने भरून, नवी चिठ्ठी लावली होती. पामेला रासमुसेन यांनी ते कातडे तपासले तेव्हा त्याच्या तयार करण्याच्या ढबीवरून ते मूळचे डेव्हिडसनच्या हातचे आहे हे उघड झाले. कापूस कसा दाबला आहे, टाका कुठे घातला आहे, यांतून एका माणसाचा हात शंभराहून अधिक वर्षांनी ओळखता येतो. खोटी नोंद बाजूला काढल्यावर जुन्या खऱ्या नोंदींच्या ठिकाणी शोध घेतला गेला, आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ 113 वर्षांनी रानपिंगळा पुन्हा दिसला. ती कातडी जतन केलेली नसती तर हे शक्य नव्हते. तसेच इंग्लंडातल्या डेरेक रॅटक्लिफ यांनी 1967 मध्ये संग्रहातल्या जुन्या अंड्यांची कवचे तपासून बहिरी ससाण्याची अंडी युद्धोत्तर काळात पातळ होत गेल्याचे दाखवले, आणि कीटकनाशकांविरुद्धचा खटला त्यातून उभा राहिला. अंडी गोळा करणाऱ्या कुणालाही डीडीटीची कल्पना नव्हती. आपले सालिम अली तर पक्ष्यांकडे वळले तेच छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीमुळे. ती ओळखायला ते मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत गेले आणि पुढचे आयुष्य तिथून सुरू झाले. त्यांच्याच नावाचा हिमालयी वनकस्तूर 2016 मध्ये वेगळी जात म्हणून प्रस्थापित झाला. पेर आल्स्ट्रॉम आणि शशांक दळवी यांना त्याचे वेगळेपण अरुणाचलात गाण्यावरून जाणवले आणि ते पक्के करायला अनेक देशांतल्या संग्रहालयांतली जुनी कातडी कामी आली.

तेव्हा संग्रहालये बंद करा, असे मी म्हणत नाही आणि कुणी म्हणू नये. पण या सगळ्या उदाहरणांत एक गोष्ट लक्षात घ्या. लाभ झाला तो आधीच जमवलेल्या ठेव्याचा. अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी 1885 मध्ये लंडनच्या संग्रहालयाला दिलेले कातडी आणि अंडी मिळून 80 हजारांहून अधिक नमुने आजही वापरले जातात आणि वापरले जावेत. भरलेली कोठारे आहेत, म्हणून आज एखाद्या दुर्मिळ पक्ष्यावर गोळी झाडण्याआधी थांबणे परवडते. शिवाय जे पक्षी विपुल आहेत, किंवा खिडकीच्या काचेवर, विजेच्या तारेवर, रस्त्यावर मरून पडतात, त्यांचे नमुने जमवायला कुणाची ना नाही. वनकस्तुराची गोष्ट तर दुधारी आहे. त्यात आधी जागा झाला तो कान, आणि कान जिवंत पक्ष्याला लावावा लागतो. पहाडी रानातल्या पक्ष्यांत रंगापेक्षा गाणे जातीचा भेद आधी सांगते, कारण दाट झुडपात एकमेकांना शोधायला रंग पुरत नाहीत. खणातल्या कातड्याला गाणे नसते. संग्रहालयाने शास्त्राला जे दिले त्यात ही एक मोठी उणीव शंभर वर्षे राहून गेली होती, आणि ध्वनिमुद्रक आल्यावर ती भरून निघू लागली.

राहिला तो भूमीचा आणि माणसांचा प्रश्न, आणि माझ्या मते या पक्ष्याच्या कथेत तोच सर्वांत भरीव आहे. बुगुन ही पश्चिम कामेंगमधली संख्येने लहान जमात. सिंगचुंग हे त्यांचे गाव ईगलनेस्टच्या शेजारी आहे, आणि या मुलखात रानाचा मोठा भाग सरकारचा नसून समाजाच्या ताब्यातला असतो. नव्वदच्या दशकापर्यंत लाकूडतोड हा इथला मोठा रोजगार होता. 1996 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ईशान्य भारतातल्या लाकडाच्या वाहतुकीवर बंदी आली आणि तो रोजगार आटला. अशा गावाजवळ हा पक्षी सापडला आणि त्याला त्याच लोकांचे नाव दिले गेले. बुगुनोरम हे लॅटिन षष्ठीचे बहुवचन आहे, म्हणजे ‘बुगुनांचा’. पुढे पक्षी पाहायला येणाऱ्यांसाठी तंबू, वाटाडे, स्वयंपाकी अशी कामे उभी राहिली. आणि 2017 मध्ये सिंगचुंगच्या बुगुनांनी आपल्या मालकीचे 17 चौरस किलोमीटरचे रान सामुदायिक राखीव क्षेत्र म्हणून वनखात्याबरोबर जाहीर केले. वन्यजीव कायद्यात 2002 च्या दुरुस्तीने अशी तरतूद झालेली आहे. तिच्यात जमीन समाजाचीच राहते, राखण मात्र कायद्याच्या आधाराने होते.

कुणी म्हणेल, पक्षी मारला नाही म्हणून रान राखले गेले, हा कार्यकारणभाव तुम्हाला सिद्ध करता येणार नाही. बरोबर आहे, येणार नाही. एक पक्षी मारला असता तरी बुगुनांनी हेच केले असते, असे म्हणायला कुणालाही मुभा आहे. मी एवढेच दाखवून देतो, की बाहेरून येणाऱ्या अभ्यासकाने गावाला काय सांगितले याला वजन असते. ‘तुमच्या रानात जगात कुठे नाही असा पक्षी आहे, म्हणून आम्ही एक मारून नेत आहोत, तुम्ही मात्र मारू नका’, हे वाक्य सिंगचुंगच्या पंचांपुढे बसून म्हणून पाहावे. शिकार ज्यांच्या जगण्याचा भाग होती त्यांच्याकडे संयम मागायचा असेल तर मागणाऱ्याने आधी तो पाळलेला असावा लागतो. यात भाबडेपणा काही नाही. रान ज्यांच्या मालकीचे आहे त्यांच्या संमतीवाचून तिथे कोणतेही शास्त्र दुसऱ्या वर्षी चालू राहत नाही, आणि 280 मीटरच्या पट्टीत राहणाऱ्या पक्ष्याचा अभ्यास म्हणजे वर्षानुवर्षांचे काम आहे. त्याचे घरटे, खाद्य, पिल्ले जगण्याचे प्रमाण, उष्मा वाढला की तो वर सरकतो की नाही, हे प्रश्न एकाही कातड्याने सुटणारे नाहीत.

शेवटी एक आपल्या दारातली गोष्ट. महाराष्ट्रातून, विशेषतः पुण्यामुंबईहून, आज अनेक पक्षीनिरीक्षक कॅमेरे घेऊन ईगलनेस्टला जातात. न मारता पुरावा उभा करता येतो, हे तत्त्व मान्य केले की त्याची जबाबदारी या प्रत्येकावर येते. तारीख, उंची आणि जागा यांची नोंद नसलेले सुरेख छायाचित्र शास्त्राच्या दृष्टीने चिठ्ठी हरवलेल्या कातड्यासारखे आहे. आणि पक्षी समोर यावा म्हणून त्याच्याच गाण्याचे ध्वनिमुद्रण झुडपाजवळ पुन्हा पुन्हा वाजवणे मला बंदुकीच्या फार दूरचे वाटत नाही. विणीच्या दिवसांत नर आपल्या हद्दीत शत्रू घुसला असे समजून घरटे सोडून धावतो, खाणे सोडतो, तासन्‌तास गात राहतो. जिथे जोड्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत, तिथे दर आठवड्याला नवा गट येऊन हेच करत असेल तर पाखरू जिवंत सोडल्याचा उपयोग काय? बुगुन वाटाड्याने हात वर करून ध्वनियंत्र बंद करायला सांगितले, तर ते त्याच क्षणी बंद व्हायला हवे.